धायरी ते खराडी, व्हाया कॅम्प: तेलकट चेहऱ्यासाठी एका सनस्क्रीनचा शोध

लोक सुट्टी काढून हिमालयात जातात आणि ब्लॉग लिहितात. मी एक शनिवार घालवून कॅम्पात गेले, तिथून खराडीला आणि परत येताना कर्वेनगरला. सगळा प्रवास पुणे शहराच्या हद्दीत. उंची फक्त उड्डाणपुलांची. तरी लिहितेय, कारण ज्यांची त्वचा माझ्यासारखी आहे, म्हणजे सकाळी तोंड धुऊन बाहेर पडलं की स्वारगेट येईपर्यंत कपाळावर भजी तळता येतील अशी, त्यांना हा मार्ग उपयोगी पडेल.

निघण्याचं कारण आधी सांगते. माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग यायला लागले होते. मी राहते धायरीत आणि नोकरी खराडीत. रोज शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्कूटरवरून पार करते, त्यामुळे ऊन माझ्या ओळखीचं आहे. कर्वेनगरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी डाग बघितले आणि म्हणाल्या, "रोज सनस्क्रीन. पाऊस असला तरी. घरात बसलात तरी." कुठलं घ्यायचं, हे मी विचारलं नाही. मेडिकलमधून सगळ्यात मोठी बाटली घेतली, कारण मोठ्या बाटलीवर सूट होती.

ते लोण्यासारखं घट्ट क्रीम होतं. तिसऱ्याच दिवशी नगर रोडवर हेल्मेटच्या आत क्रीम, घाम आणि माझं स्वतःचं तेल यांचं मिश्रण तयार झालं आणि ते भुवयांवरून थेट डोळ्यांत उतरलं. दोन्ही डोळे एकदम मिटले. मागून बसचा हॉर्न. मी अंदाजाने डावीकडे वळले, चाक फुटपाथला घासलं आणि मी गुडघ्यावर आपटले. नारळपाणी विकणाऱ्या एका बाईंनी मला हाताला धरून सावलीत नेलं आणि डोळ्यांवर पाणी मारलं.

"मिरची गेली का?"

"नाही हो. सनस्क्रीन."

"ते काय असतं?"

"उन्हापासून वाचवतं."

त्यांनी माझ्या फाटलेल्या गुडघ्याकडे बघितलं. "ऊनच बरं होतं की मग."

त्या दिवशी ठरवलं की आता नीट शोधून, लावून, स्कूटरवर बसून तपासूनच घ्यायचं आणि परत येताना डॉक्टरांना दाखवायचं. येत्या शनिवारी. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पण येते. कॅम्पातून पाव आणायचेत." माझी आई सहासष्ट वर्षांची आहे. भूमी अभिलेख खात्यात तिने मोजणीचं काम केलं, म्हणजे आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवल्या. पावांसाठी ती इतक्या लांब येईल असं मला वाटलं नव्हतं, पण सोबत होती म्हणून मी काही बोलले नाही.

सकाळी लवकर निघालो. सिंहगड रस्ता शनिवारीसुद्धा शनिवारसारखा वागत नाही. कॅम्पात स्कूटर लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात पनवेल गाठता आलं असतं. दुकान इनामदारांचं. तीन पिढ्या अत्तरं विकली, एका काचेच्या कपाटात ती अजून आहेत, बाकी सगळी जागा आता क्रीम आणि सीरमने घेतलेली. गल्ल्यावर इनामदार काका आणि काउंटरवर त्यांची मुलगी निलोफर.

"मॅम, हे बघा. ड्युई फिनिश देतं."

"ड्युई म्हणजे?"

"म्हणजे ग्लो येतो. फेस शायनी दिसतो."

"तो माझ्याकडे जन्मापासून आहे. तो घालवणारं काही असेल तर दाखव."

निलोफर हसली आणि मग मात्र तिने मन लावून डबे काढले. तुम्हाला खरेदीला जायचं असेल तर मी तिथे शिकले ते एवढंच: तेलकट त्वचेला जेल किंवा पातळ फ्लुइड घ्या, क्रीमच्या वाटेला जाऊ नका. नॉन-कॉमेडोजेनिक असं लिहिलेलं हवं, म्हणजे रंध्रं बुजवत नाही असा दावा. एसपीएफ तीस तरी हवा, पन्नास असला तर उत्तम, आणि बाटलीवर 'पीए' ही अक्षरं असतात त्यांच्यापुढे अधिकची चिन्हं जास्त असलेली बरी. वांग असेल तर किंचित रंग असलेलं घ्या. चांगलं सनस्क्रीन पाचशेच्या आतही मिळतं, त्यामुळे किमतीला घाबरू नका आणि भुलूही नका.

पहिलं लावलं ते झिंकचं होतं. आई लांबून बघत होती. "पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसतेस," ती म्हणाली. दुसरं लावून जरा चोळलं तर त्याच्या बारीक वळ्या सुटायला लागल्या, कणीक मळताना सुटतात तशा. ते दोन्ही बाद. शेवटी दोन उरली: एक पारदर्शक जेल आणि एक गव्हाळ रंगाचं फ्लुइड.

"दोन्ही लावून उन्हात जाऊन येते," मी म्हटलं.

इनामदार काकांनी गल्ल्यावरून मान वर केली. "अहो, खुशाल जा. चेहरा धुवायचाय का आधी? मागे नळ आहे."

चेहरा धुऊन आले. आईने माझी हनुवटी धरली, मान सरळ केली आणि नाकाच्या बरोबर मध्यावरून बोट फिरवलं. "ही हद्द. डावीकडे जेल, उजवीकडे ते दुसरं. नाक वादग्रस्त, तिथे काही लावू नकोस."

मी काउंटरवर सनस्क्रीन चोपडत होते तेव्हा आई निलोफरजवळ वाकून हळूच काहीतरी विचारत होती. "ती ट्यूब आम्ही नाही ठेवत, आजी," निलोफर म्हणाली. "मेडिकलमध्ये विचारा." कंबरेचं मलम असेल, असं मी धरून चालले.

मग भर दुपारी कॅम्पातून खराडी. बंडगार्डनचा पूल, येरवडा, नगर रोड. मागे आई, डोक्यावर हेल्मेट, त्याखाली ओढणी डोळ्यांपर्यंत बांधलेली. सिग्नलला लोक माझ्याकडे वळून बघत होते, कारण माझा अर्धा चेहरा चकाकत होता आणि अर्धा गंभीर होता. डोळ्यांची आग मात्र झाली नाही. कुठेही पडलो नाही. माझ्या दृष्टीने मोहीम तिथेच यशस्वी.

शनिवारी खराडीतल्या काचेच्या इमारती ओस पडलेल्या असतात आणि थाळीवाले मात्र उघडे. जेवण बरं आहे, ताक जास्त मागून घ्या. जेवण झाल्यावर आईने टिशूचे दोन तुकडे केले आणि एकेका गालावर दाबले. डावीकडचा पारदर्शक झाला, त्यातून थाळीचा मेनू वाचता येत होता. उजवीकडचा जवळजवळ कोरडा.

"उजव्या बाजूच्या लाभात निकाल," आई म्हणाली.

परत कॅम्पात जाऊन फ्लुइड घेतलं, पावही घेतले आणि संध्याकाळी कर्वेनगरला डॉक्टरांकडे पोहोचलो. निवड बरोबर आहे ना, एवढंच विचारायचं होतं. डॉक्टर मोजकं बोलतात. बाटली उलटीसुलटी केली, म्हणाल्या, "ठीक. दोन बोटांवर मावेल एवढं घ्यायचं, मानेलाही. उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी परत. ठिपका लावून उपयोग नाही, ते कुंकू नव्हे." मी उठले. डॉक्टर उठल्या नाहीत. त्या आईकडे बघत होत्या.

"आई, जरा इकडे उजेडात या."

"पेशंट ही आहे," आई म्हणाली.

"असेल. तुम्ही चेहऱ्याला काय लावता?"

"पावडर."

"पावडरीने गालावर अशा लाल शिरा दिसत नाहीत."

आईने पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून एक छोटी ट्यूब काढून टेबलावर ठेवली. शेपटापासून घट्ट गुंडाळत आणलेली, जवळजवळ संपलेली. मी ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

डॉक्टरांनी नाव वाचलं. "यात स्टिरॉइड आहे. कधीपासून लावताय?"

"नोकरीत असल्यापासून. भूमी अभिलेखात, मोजणीला होते. ऑफिसातल्या एकीने दिली होती. डाग फिके झाले होते खरे."

"आणि बंद केली की चेहरा पेटतो. म्हणून परत लावता."

"हो."

"हे डाग उन्हाचे. मोजणीला उन्हातच उभ्या राहत होतात का? सावली नसायची?"

"असायची," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, पत्ता सांगावा तसा. "झाडाखाली बसा म्हणायच्या आधी लोक आडनाव विचारायचे. आडनाव कळलं की कुणाला झाड आठवायचं नाही. मग मी उन्हातच उभी राहून काम उरकायचे. पुढे डाग पडले. मग बोलायला त्यांना आणखी एक निमित्त मिळालं."

माझ्या हातात पावांची पिशवी होती. आई पावांसाठी आलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांची ही खोली गाठायची होती तिला, आणि ते सांगायला शब्द नव्हते. मी दिवसभर विनोद करत होते आणि तीही माझ्या विनोदांना साथ देत होती. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण नजर डॉक्टरांकडेच.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"ट्यूब बंद. पहिले काही आठवडे त्रास होईल, लाल होईल, आग होईल. त्यासाठी मी औषध देते, पण न विचारता परत हे लावायचं नाही. आणि तुम्हालाही सनस्क्रीन. तुमच्या त्वचेला झिंकचं सोसेल."

"म्हणजे गिरणीवालं," आई माझ्याकडे बघून म्हणाली.

घरी आल्यावर त्रास झाला, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून थोडा जास्तच. तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. एका दुपारी ती आरशासमोर उभी राहून रडलीही. मेडिकलला जाऊन येते म्हणून चपला घातल्या, दारात थांबली, मग चपला काढून परत आत येऊन बसली. मी शेजारी बसले. आम्ही दोघींनी बराच वेळ टीव्हीवर काहीतरी बघितलं, काय ते दोघींनाही सांगता येणार नाही.

प्रवासाचा हिशेब मांडायचा तर माझ्यापुरता सोपा आहे. हेल्मेट घातलं तरी डोळे कोरडे राहतात. डाग थोडे फिकटले आहेत, गेलेले नाहीत आणि डॉक्टरांनी तसं वचनही दिलेलं नव्हतं. कपाळावर भजी अजूनही तळता येतील, पण स्वारगेटऐवजी येरवडा ओलांडल्यावर.

आईचा लाली गेलेला चेहरा आता डागांसकट दिसतो. तिने पावडरही सोडली आहे. सकाळी दोन बोटं सनस्क्रीन लावून, टोपी घालून ती सोसायटीच्या बागेत चालायला जाते. परवा मी स्कूटर काढत होते, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या जोशीबाईंनी तिला फाटकाशी थांबवलं.

"अहो ताई, चेहऱ्याला काय झालं तुमच्या? वेगळाच दिसतोय."

आईने टोपी काढली, त्यांना नीट बघता यावं म्हणून.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "हाच माझा आहे."