पाकीट फोडू नका

त्याचं खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथंच राहिलं. गल्लीत, कारखान्यात, सासुरवाडीत सगळे त्याला पॉलिश म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, पण तीही चारचौघांत सांगताना "आमच्या पॉलिशना विचारते" असंच सांगायची.

नळ, दाराच्या मुठी, जिन्यांचे कठडे, दवाखान्यातल्या सळ्या, काहीही मळकं, खरबरीत त्याच्या हातात दिलं की दुपारपर्यंत त्यात तोंड दिसायचं. बावीस वर्षं तो एकाच मशीनपुढं उभा होता. मधे मोटर, दोन टोकांना दोन कापडी चाकं आणि चाकांखाली उडालेली धूळ गोळा करायला गोणपाटाची पिशवी. मशीन मालकाचं होतं. मालकही मुळातला पॉलिशवालाच. त्यानंच याला हाताला धरून शिकवलं होतं, आणि शिकवलं होतं म्हणजे बाजूला उभं राहून "दिसतंय का तोंड? नाही ना? मग घास" एवढंच म्हटलं होतं.

एके दिवशी जेवणाचा डबा पुसता पुसता मालक म्हणाला, "गुडघे आता ऐकत नाहीत. अजून तीनेक वर्षं ओढीन. मग मशीन आणि हा भाड्याचा गाळा तू घेणार का?"

"आणि नाही घेतलं तर?"

"तर भंगारवाला घेईल. तो मोटर काढून नेईल, बाकीचं तोडून."

पॉलिशनं मशीनकडं पाहिलं. तोडायचं म्हटल्यावर कुठून सुरुवात करतील, हे त्याला लगेच दिसलं. "घेतो," तो म्हणाला. कशानं घेणार, हे मालकानं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं.

बँकेवर त्याचा विश्वास नव्हता असं नाही. पण जे हातात धरता येत नाही त्याला तो वस्तू मानत नसे. आयुष्य धातूत गेलेलं. तेव्हा साठवायचं तर धातूच साठवावा, असं त्यानं ठरवलं. सोनं परवडेना, पितळ साठवलं तर लोक हसतील. राहिली चांदी.

चांदीचं दुकान अरुंद होतं. बाहेर घंटीचं बटण, आत काचेचा आडोसा आणि काचेमागं चष्मा साखळीला लावलेल्या एक बाई. त्यांनी याच्या काळ्या नखांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"काय दाखवू भाऊ? वाटी, पैंजण?"

"नुसती चांदी. ठेवायला."

"म्हणजे गुंतवणूक. मग दागिन्यांकडं बघूच नका. त्याला घडणावळ पडते, आणि परत विकताना ती घडणावळ तुम्हाला कोणी देत नाही. लगड घ्या." त्यांनी शंभर ग्रॅमची लगड काचेखालून सरकवली. प्लास्टिकच्या पाकिटात बंद, अंगठ्याएवढी रुंद, वर कंपनीचा शिक्का, खाली नऊशे नव्व्याण्णव आणि एक नंबर. "हा शुद्धतेचा आकडा. हा नंबर बिलावर पण येतो. बिल सांभाळा."

"आणि भाव?"

"दोन भाव असतात. मी विकते तो वरचा, घेते तो खालचा. आज नेऊन उद्या आणलीत तर तुमचं नुकसान."

"मग फायदा कधी?"

"भाव वाढला तर. खूप वर-खाली होतो. नाही वाढला तर चांदी तरी आहे."

इतकं सरळ बोलणारा दुकानदार त्यानं पाहिला नव्हता. तो सगळी शिल्लक काढायला निघाला तसं बाईंनीच थांबवलं. "एकदम नको. थोडी थोडी घ्या, म्हणजे महागात आणि स्वस्तात मिळून मधला भाव पडतो. आणि भाऊ, पाकीट फोडू नका. विकताना सोपं जातं."

मान डोलावून तो घरी आला. लगड बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात, चिंध्यांखाली गेली. बायको शाळेचे गणवेश शिवायची. तिनं लगड हातात घेतली, तोलली आणि परत ठेवली. "दिसायला बरी आहे," ती म्हणाली. "खणात जागा किती आहे ते लक्षात ठेवा. बॉबिन कुठं ठेवू?"

मेहुणा बँकेत कारकून. त्याला कळल्यावर तो मुद्दाम चहाला आला.

"दाजी, चांदीला व्याज नसतं."

"खायलाही घालावं लागत नाही."

"नुसती पडून राहते हो घरात."

"तूही राहतोस की रविवारी. आम्ही काही म्हणतो का?"

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी, जादा काम केलं की, पॉलिश एक लगड आणायचा. दर वेळी बाई बिल देताना म्हणायच्या, "पाकीट फोडू नका." दर वेळी हा म्हणायचा, "कशाला फोडतोय."

पहिली लगड त्यानं सात-आठ महिन्यांनी खणातून काढून उजेडात धरली. पाकिटाची शिवण एका बाजूनं सुटली होती आणि त्या बाजूला लगडीच्या कडेवर पिवळट झाक आली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. पण याचं जेवणावरून लक्ष उडालं. गावभरच्या दाराच्या मुठी आपण चमकवायच्या आणि आपल्याच घरातला माल डागाळलेला, हे त्याला एखाद्या न्हाव्यानं दाढी वाढवून फिरावं तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालक जेवून आडवा झाल्यावर त्यानं पाकीट फोडलं. चाकाला चकाकीचा पांढरा साबण लावला आणि लगड हलक्या हातानं टेकवली. मग उलटी करून टेकवली. मग कडा. चांदी पितळेपेक्षा मऊ, हाताला लोण्यासारखी लागत होती. बावीस वर्षांत असा माल मशीनवर चढला नव्हता. लगडीत त्याला स्वतःचं तोंड दिसलं, भुवईतला पांढरा केससुद्धा.

मग ते अंगवळणीच पडलं. नव्या लगडी तो येताच फोडू लागला, जुन्या पुन्हा पुन्हा चाकावर धरू लागला. आधी नंबर बुजले, मग शुद्धतेचा आकडा, शेवटी शिक्का. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. खाचेत नेहमी मळ बसतो. आता बसायला जागाच उरली नव्हती.

तीन वर्षांनी मालक म्हणाला, "शनिवारी चावी देतो. रविवारी भंगारवाला येतोय. तुझं जमत असेल तर त्याला नको म्हणून सांगतो."

पॉलिश अकरा लगडी फडक्यात बांधून दुकानात गेला. भाव चांगला वाढला होता, त्यानं पेपरात पाहिलं होतं. काचेखालून त्यानं फडकं सरकवलं. बाईंनी गाठ सोडली आणि चष्मा लावला. मग चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हे काय आहे?"

"तुमच्याच लगडी ताई."

"माझ्या लगडींवर शिक्का असतो."

"होता."

"पाकिटं?"

पॉलिशनं बिलांची चळत पुढं सरकवली. बाईंनी एक लगड उचलली. तीत दुकानातला पंखा फिरताना दिसत होता.

"केलंय मात्र सुंदर," त्या म्हणाल्या. "पण भाऊ, हे मी असंच घेऊ शकत नाही. बिलं आहेत, पण कुठलं बिल कुठल्या लगडीचं ते कसं ओळखू? वितळवून तपासावी लागेल. आठवडा जाईल, घट धरली जाईल, खर्च कापला जाईल." त्यांनी सगळ्या काट्यावर ठेवल्या. "आणि वजन चाळीस ग्रॅम कमी भरतंय. तेवढी चांदी कुठं गेली?"

कुठं गेली हे पॉलिशला चांगलं माहीत होतं. "कामावर राहिली," तो म्हणाला.

शनिवार परवावर होता. फडकं घेऊन तो बाहेर आला. मशीन जाणार म्हणजे हा माणूस सोमवारपासून दुसऱ्याच्या दारात उभा राहणार, आणि पन्नाशीला आलेल्या पॉलिशवाल्याला दारात उभं कोण करतं?

घरी न जाता तो गाळ्यावर गेला. मालक चाकाचं कापड बदलत होता. पॉलिशनं फडकं कट्ट्यावर सोडलं आणि सगळं सांगितलं: पाकिटं, शिक्के, कमी भरलेलं वजन, वितळवणं, आठवडा. काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही चांदीवर राहिलंही नव्हतं.

मालकानं एक लगड उजेडात धरली. तिरकी केली. कडेवरून नख फिरवलं. बराच वेळ तो स्वतःच्याच तोंडाकडं बघत राहिला.

"हा कोपरा राहिलाय," शेवटी तो म्हणाला.

"कुठं?" पॉलिश पुढं झाला. खरंच राहिला होता.

"बाकी ठीक आहे. मला दे ह्या."

"मालक, विकताना कापून घेतील. वितळवावी लागेल म्हणतात."

"वितळवणाऱ्याला उंबऱ्यात येऊ देणार नाही. मला विकायच्यात कशाला? पोराकडं राहायला जातोय, तिथं दिवसभर करायचं काय? ह्या पुसत बसेन." त्यानं काटा ओढला. "आजच्या खालच्या भावानं मशीनच्या किमतीत धरतो. चाळीस ग्रॅम कमी आहे म्हणतोस?"

"पिशवीत आहे." पॉलिशनं चाकाखालच्या गोणपाटाकडं बोट केलं.

मालकानं पिशवीकडं पाहिलं, मग मशीनकडं. "माझ्याच मशीनच्या पिशवीत आहे ना? मग ती मला केव्हाच पोचली. धरली."

भंगारवाल्याला त्यानं तिथूनच फोन लावला.

मशीन आता पॉलिशचं आहे. पिशवी तो कुणाला झटकू देत नाही. पितळ, लोखंड, कापडाचे धागे आणि त्यात कुठंतरी चाळीस ग्रॅम चांदी. मेहुणा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "दाजी, फेका की ती घाण." पॉलिश म्हणाला, "गुंतवणूक आहे. पडून राहू दे."

परवा त्यानं नव्यानं सुरुवात केली. बाईंनी लगड दिली, पाकिटाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि काही न बोलता नुसतं त्याच्याकडं पाहिलं. घरी बायकोनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, गणवेशाच्या जाड खाकी कापडात गुंडाळली आणि मशीनवर दुहेरी शिवण मारून पार बंद करून टाकली. वर बटणही ठेवलं नाही.

पॉलिश ते खाकी गाठोडं मांडीवर घेऊन बसला. अंगठ्यानं वरून चाचपून कोपरे शोधत राहिला.

"आत काळी पडत असेल," तो म्हणाला.

"पडू दे," बायको म्हणाली आणि खण ओढून पुढं केला.