भिंतीवरचे पांढरे ओघळ

त्या काळी समुद्रकाठच्या मुरबे गावात आमचं घर फळ्यांचं होतं. बहिणीला बघायला पाहुणे येणार, म्हणून मी दर्शनी भिंत विहिरीच्या पाण्याने धुतली. उन्हात वाळताच तिच्यावर पांढरे ओघळ उमटले, जणू भरती घरावरून फिरून गेली होती. काथ्याने तीनदा घासलं, तीनदा ओघळ परत आले. संतापून मी फळीला जीभच लावली. खारट!

"मिठावर मीठ काय घासतेस?" म्हणत आईने लांबून डोक्यावर आणलेला, पिण्याच्या गोड्या पाण्याचा एकुलता हंडा उचलला. हंडा रिकामा होईपर्यंत ती फडक्याने भिंत पुसत राहिली. ओल्या फळ्यांत आभाळ उतरल्यासारखं वाटलं. मी बघतच राहिले.

पाहुणे आले, भिंतीकडे कौतुकाने बघत ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "जरा पानी द्या."