रॉकेटात कोण बसते?

त्या वर्षी आमच्या मायनं संत्र सोडलं. शेंदूरजनाघाटच्या बाईनं, घरची बाग असताना, संत्र सोडायचं म्हणजे काय ते बागवाल्यांनाच विचारा. पासष्टची लढाई सुरू झाली होती, माझा धाकटा भाऊ विमानदलात होता, आणि तो घरी येईपर्यंत एक फोडही तोंडात घालणार नाही, असं ती अंबादेवीला बोलून बसली होती.

भावाचं काम आम्हाला धड माहीत नव्हतं. शत्रूची विमानं आता इतक्या उंचावरून जात की तोफांचे गोळे तिथवर पोचत नसत. म्हणून सरकारनं रशियाकडून जमिनीवरून आभाळात सुटणारी रॉकेटं घेतली आणि त्या तुकडीत भावाची निवड झाली. तेवढं सांगून गडी गेला. बाकी बोलायची मनाई!

मी अमरावतीला शाळेत शिकवायची. शनिवारी शाळा सुटली की मोटार धरून माहेरी यायची. अशाच एका शनिवारी माय चुलीपुढं बसून रडताना दिसली.

"पेपरात फोटो नोता का आला, रशियाचा माणूस रॉकेटात बसून वर गेलता? तसंच बसवतीन माह्या लेकराले. अन् हे रॉकेट तं वर जाऊन फुटते म्हणतात!"

"काहीतरीच तुझं," मी तिच्यावर खेकसले. पण खरं सांगू का, मलाही ते पटलं. मी शिकलेली खरी, पण रॉकेट मी तरी कुठं पाहिलं होतं? त्यानंतर रेडिओवर बातम्या लागल्या की मी उठून बाहेर जायची.

लढाई थांबली. दिवाळी झाली, बागेत संत्र्यांची तोड सुरू झाली, आणि एका दुपारी हा पठ्ठ्या ट्रंक खांद्यावर घेऊन दारात हजर. मायनं आधी त्याचे हात चाचपले, मग पाठ.

"काहून रे, पुन्हा बसवतीन का तुले त्याच्यात?"

"कायच्यात?"

"रॉकेटात!"

तो हसतच सुटला. मला असा संताप आला! "दात काय काढतोस मेल्या? माय वाळून गेली इथं."

तेव्हा कुठं तो खाली बसला. "माय, रॉकेटात कोणीच नसते वो. आमी खाली, जमिनीवर, गाडीत बसून राह्यतो. समोरच्या पडद्यावर विमानाचा ठिपका दिसते. हुकूम आला का बटण दाबाचं. ते एकटंच जाते अन् विमानापाशी जाऊन फुटते."

"बाई वो!" म्हणत माय मटकन बसली. हसत होती की रडत होती, देव जाणे. मला तर इतकं हलकं वाटलं की मी भावाच्या पाठीत एक धपाटाच घातला. मग देवीला वाहायची टोपली आधी बाजूला काढली, एक संत्र सोललं आणि मायच्या हातावर फोड ठेवली. ती तोंडापर्यंत नेऊन माय थांबली.

"अन् त्या विमानात?"

"त्याच्यात असते माणूस."

"मंग दाबलं का तू बटण?"

"नाही. एक डाव आला होता ठिपका. हुकूम यायच्या आधीच माघारी फिरला."

"बरं झालं," माय म्हणाली. "म्हणजे त्याच्या मायचंही लेकरू पोचलं घरी."

आणि तिनं फोड तोंडात घातली.