रजिस्ट्रीवाल्या टीचर

टीचर कम्प्युटरला हात लावण्याआधी क्रुसाची खूण करायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या हे सगळं शिकल्या, आणि आमच्या वसईच्या गावात कुणाचाही कम्प्युटर अडला की बोलावणं त्यांनाच. "आधी बॅकअप, मग देवाचं नाव, मग माऊस," म्हणायच्या.

एका वर्षी माझा नवरा फ्रान्सिस जहाजावर होता. निघताना आमचं कडाक्याचं भांडण झालेलं. त्याचे ईमेल यायचे, माझी उत्तरं मात्र आउटबॉक्समध्येच अडकून पडायची. शेवटी त्यानं लिहिलं, "तू गप्प आहेस, म्हणजे मी यावं असं तुला वाटत नाही. पुढच्या बंदरावर करार वाढवून घेतो." आता सायबर कॅफेत बसून चार लोकांदेखत 'लवकर ये' लिहायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. मी तडक टीचरांकडे गेले.

"रडतेस काय, बाय? डोळे पूस आणि चहा टाक," म्हणत त्या आल्या. ईमेलच्या सेटिंगची खिडकी उघडल्या उघडल्या बंद पडत होती, म्हणून त्या थेट रजिस्ट्रीत शिरल्या. सगळ्या प्रोग्रॅमांच्या सेटिंग्ज तिथं साठवलेल्या असतात. टीचरांची पद्धत आमच्या रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. स्क्रीनवरची एकेक ओळ त्या मोठ्यानं वाचणार, आणि त्यांच्या घरच्या चालू कम्प्युटरवरून उतरवून आणलेल्या कागदावर बघून मी "बरोबर" म्हणणार.

पण रोझरीची सवय हाडीमाशी खिळलेली. थोड्याच वेळात माझे डोळे मिटले आणि तोंड आपोआप "बरोबर, बरोबर" म्हणू लागलं. टीचर थांबल्या. "मी आत्ता काय वाचलं?"

मी डोळे उघडून कागदावर ओळ शोधू लागले.

"मारिया माता मिटलेले डोळे चालवून घेते. कम्प्युटर नाही घेत," म्हणत त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली. मेल पाठवताना ओळख द्यायची की नाही, हे तिथं ठरलेलं होतं. कागदावर दोन होता, स्क्रीनवर शून्य. "मेल घेताना तू नाव-पासवर्ड दाखवतेस, पाठवताना नाही. दारावरचा माणूस सोडेल कसा?" त्यांनी बॅकअप घेतला, शून्याचा दोन केला, आणि आउटबॉक्स रिकामा झाला. मी पुन्हा रडले. या खेपेला त्यांनी रडू दिलं.

फ्रान्सिसचं उत्तर आलं, "करार वाढवत नाही. घरी येतोय."

पुढे टीचर देवाघरी गेल्या तेव्हा त्यांच्या घरी आम्ही रोझरीला बसलो. त्यांची फार आठवण येत होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी उघडे ठेवले आणि एकेक शब्द ऐकून उत्तर दिलं. शेजारी फ्रान्सिस गुडघे टेकून बसला होता, तो मला दिसत राहिला.