सिद्ध न झालेली परिकल्पना: नांदेड ते पुसेगाव

हिंगोलीच्या एका अध्यापक विद्यालयाने भावी शिक्षकांना संगणकावरून संशोधन शिकवले होते. त्यांचे कृतिसंशोधन तपासायला यावे, असे पत्र आले. निवृत्त माणसाला नकाराचे सबळ कारण सुचत नाही, म्हणून निघालो.

नांदेडहून सकाळची एसटी घ्यावी. कळमनुरीला आठवडी बाजार असेल तर अर्धा तास अधिक धरावा. तेवढ्यात स्थानकासमोरची भजी खाऊन होतात. बाजार नसेल तेव्हा तीच भजी गार मिळतात.

विद्यालयात सहा संगणक होते. वीज असली की चार चालत. धड्याच्या सीडीत नमुन्यादाखल एक संशोधन होते: चित्रकार्डे वापरली की पहिलीची मुले उत्तरे देऊ लागतात. दुपारपर्यंत एकोणीस विद्यार्थ्यांनी मला हाच निष्कर्ष सांगितला. विसावी सविता राठोड, पुसेगावजवळच्या तांड्यावरची. तिच्या अहवालानुसार कार्डांनी काहीही घडले नव्हते. प्राचार्यांनी तिला निष्कर्ष बदलायला सांगितले होते; अन्यथा नापास, म्हणजे वर्ष वाया.

"काम्प्युटर चुकला अन् तू बराबर, व्हय?" ते माझ्यासमोरच म्हणाले.

"कार्डं दाखवली, सर. लेकरं गप्पच बसली. मी दुसरं काहून लिहू?"

'निरीक्षणाची रोजनिशी ठेवा' ही धड्यातली सूचना एकट्या सविताने पाळली होती. मुले गप्प का बसतात, याचे कारण तिने शेवटच्या पानावर लिहिले होते. नमुन्यात बसत नाही म्हणून प्राचार्यांनी ते खोडले होते. खोडलेले मी वाचले आणि पडताळणीसाठी दुसऱ्या दिवशी तिच्यासह पुसेगावला गेलो. सेनगावची बस तासाभरात पोहोचवते. खिडकीची जागा मागू नये. खिडकी बंद होत नाही.

सविताने कार्डे दाखवली होती त्याच पहिलीच्या वर्गात मी बैलाचे चित्र दाखवून हा कोण, असे विचारले. शेतकऱ्यांच्या तीस मुलांना बैल ओळखता येईना. सविताने लिहिले होते ते असे: बरोबर उत्तर देणाऱ्याला गुरुजी फळ्यापुढे उभे करून साऱ्या वर्गाला शिकवायला लावतात. आज कोणालाही पुढे बोलावणार नाही, असे मी जाहीर केले. सगळी एकदम ओरडली. मागची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "येवढे म्हातारे झाले, अन् बैल माहीत न्हाई."

सविताला मी सर्वाधिक गुण दिले. उरलेल्या एकोणिसांचे काय, असे प्राचार्यांनी विचारले. त्या विद्यार्थ्यांनी संशोधन पुन्हा करावे, या वेळी शाळेत जाऊन, असे मी लिहून दिले.

घरी आल्यावर कपाटातून माझा स्वतःचा प्रबंध काढला. त्यात पाच परिकल्पना आहेत. पाचही सिद्ध झाल्या आहेत. मौखिक परीक्षेत त्याबद्दल माझे खास अभिनंदन झाले होते.