येडी नव्हती माझी अक्का

पेटी चर्चच्या पायरीवर ठेवायला लावली. उन्हात. आत माझी अक्का होती. मार्था. माझी मोठी बहीण. तिनं जीव दिला होता.

पोस्टमार्टेम होऊन आलेलं प्रेत. माशा घोंगावत होत्या. बायका नाकाला पदर लावून बाजूला सरकल्या. याच बायका तिच्या लग्नात याच दारात गाणी म्हणत होत्या.

दारात सर उभे होते. चर्च कमिटीचे अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या आजोबांनी आमच्या आजोबांच्या आधी बाप्तिस्मा घेतला, एवढ्यावर त्यांचं घराणं मोठं. पहिला बाक त्यांचा. आम्ही मागं, चपलांपाशी. सरांना विचारल्याशिवाय फादरना शिंकही येत नाही, असं आम्ही पोरी हसून म्हणायचो. त्या दिवशी फादर अंगावर झगा घालून आत उभे होते आणि खाली बघत होते.

सर म्हणाले, जीव दिलेल्याला आत घेत नाहीत, नियम आहे. मग माझ्या मायकडं वळले. माय त्यांच्यापेक्षा वयानं मोठी, तरी ते तिला अगं-तुगंच करायचे.

"एक वाट हाय. वेदीपुढं उभी राहा आन् सगळ्यांसमोर सांग, पोरीला येड लागलं होतं म्हणून. येड्याला पाप लागत न्हाय. मग मिस्साची प्रार्थना हुईल, कबरस्तानाच्या भिंतीच्या आत जागा बी मिळंल."

माय लगेच उठली. तिचा विश्वास होता की फादरनं पवित्र पाणी शिंपडलं नाही तर पोर कायमची नरकात जळणार. लेकीला वाचवायला ती काहीही बोलली असती.

मी आत पाहिलं. पहिल्या बाकावर अक्काचा नवरा बसला होता. सरांचा सख्खा पुतण्या. पांढरा शर्ट, हातात जपमाळ. नाताळाला माहेरी आली तेव्हा अक्कानं मला पाठ उघडी करून दाखवली होती. पट्ट्याचे वळ. मानेपासून कमरेपर्यंत. माय म्हणाली, घरोघरी असतंच, आणि तिला परत पाठवली. आता मारणारा आत बसला होता आणि मेलेली बाहेर उन्हात होती.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मायनं एकदा वेड म्हटलं की वळ पुसले गेले. सगळ्या गावासमोर, तिच्या आईच्या तोंडून. सरांना नियमाचं काही पडलं नव्हतं. त्यांना पुतण्या सोडवायचा होता.

मी मायचा दंड धरला.

"माय, तू जायचं न्हाय. अक्का येडी नव्हती." मग सरांकडं बघून म्हणाले, "तुमच्या पुतण्यानं मारलंय तिला."

सरांचा आवाज चढलासुद्धा नाही.

"मग उचला ही घाण."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, जिथं माणसं परसाकडला बसतात, तिथं मी आणि माझ्या चुलत्यानं खड्डा खणला. खणायच्या आधी जागा झाडावी लागली. क्रूस नाही, घंटा नाही. अशा मेलेल्यासाठी प्रार्थना केलेली चालते का, हेच मायला ठाऊक नव्हतं, म्हणून ती तोंडात पदर कोंबून बसली. घरी आल्यावर एवढंच बोलली, "तूच घातलीस तिला नरकात."

तेव्हापासून माय माझ्या हातचं खात नाही. मी धाराशिवला एका दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीला घरी जाते, भाकरी थापते, ती उठून स्वतःची वेगळी थापते. मला मायचा राग येतो. कधी वाटतं, एक खोटं बोलू दिलं असतं तर काय बिघडलं असतं. असं वाटलं की स्वतःचीच किळस येते.

यंदा फादर बदलले. तरुण आहेत. मी त्यांना त्या नियमाबद्दल सरळ विचारलं. ते म्हणाले, तो नियम कधीच रद्द झाला, तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. जीव दिला म्हणून कुणाला प्रार्थना नाकारायची नसते. वेडाची कबुली तर कुणी मागूच शकत नाही.

"जुन्या फादरना ठाऊक होतं?"

"असणारच," ते म्हणाले.

आजोबांना गावानं वेशीबाहेर ठेवलं म्हणून ते या चर्चमध्ये आले. इथं सगळे देवाची लेकरं, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या नातीला नसलेल्या नियमानं हागणदारीत पुरली.

नवे फादर भले आहेत. पण भित्रे आहेत. म्हणाले, एखाद्या पहाटे येतो, कबरीवर पाणी शिंपडतो, प्रार्थना म्हणतो, गवगवा नको, कमिटीला कशाला दुखवायचं. मायनं त्यांचे पाय धरले. मग माझ्याकडं वळली. किती तरी दिवसांनी माझ्याशी नीट बोलली.

"हू दे की गं. मी मरायच्या आत हू दे."

तरी मी नाही म्हणाले. चोरून पुरली, आता चोरून प्रार्थना नको. माझ्या अक्कानं चोरी केलेली नाही.

फादरना सांगितलंय, मिस्सा रविवारीच होईल. भर चर्चमध्ये, अक्काचं नाव घेऊन. सर पहिल्या बाकावर असतील तेव्हा. त्यांनी मायला जिथं उभं राहायला सांगितलं होतं, तिथं वेदीपुढं मी उभी राहणार आहे. अक्का शहाणी होती हे सांगणार आहे, आणि तिला कुणी मारलं त्याचं नाव घेणार आहे. तिथून निघून तेच पोलिसांत लिहून देणार आहे. माय पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही तरी.