टेकडीवरच्या काकी

भांडुपच्या टेकडीवरच्या बागेत रोज सकाळी मला एक काकी भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज आणि खाली रस्त्यापर्यंत पोचेल असा आवाज. कठड्यापाशी, जिथून पार विक्रोळीपर्यंतचे टॉवर दिसतात, तिथे एखादी जोडी बसलेली दिसली की काकी थेट समोर जाऊन उभ्या राहायच्या.

"गो, आवशीक सांगान इलंस काय?"

आईचं नाव निघताच पोरगी ओशाळून उठायची आणि आम्ही चालायला येणाऱ्या बायका पोट धरून हसायचो.

परवा एक जोडी कठड्याशी पाठमोरी बसली होती. मीच काकींना कोपराने ढोसलं. "काकी, बघा तिकडे. जा ना!"

काकी तरातरा निघाल्या. मजा बघायला आम्ही मागोमाग. चाहूल लागून मुलीने वळून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघालं, "आई!"

काकी लेकीपाशी पोचल्या. मग त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्या मुलाच्या हातात दिली. "ऊन वाढला. सावलेक बसा," म्हणाल्या आणि मागे फिरल्या.

माझ्यापाशी येऊन थांबल्या. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाल्या, "कितक्या पोरींका मी असा चारचौघींत उठवलंय गो."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागच्या बायकांतून कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू मला माझंच वाटलं.